उसातल्या वस्तीवरचे पंच

मी ग्रामपंचायतीची सदस्य होणार, हे मला भाकरी थापताना कळलं. सासरे स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि आत न बघताच सासूबाईंना म्हणाले, "बायांच्या जागंवर धाकटीचं नाव घालतोय. थोरलीच्या मागं पोरं लई हायत, तिला जमायचं न्हाई." सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी तव्यावरची भाकर उलटली. मला कुणी काही विचारलंच नव्हतं, मग मी हो काय म्हणणार आणि नाही काय म्हणणार?

बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आमचं गाव बेलापूरच्या पुढं, कालव्याच्या पाण्यावर ऊस करणारं. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची, सातवीपर्यंत शिकलेली. पदरात एक मुलगी होती, नुकती धरून उभी राहायला लागलेली आणि अजून अंगावर पिणारी. नवरा साखर कारखान्यात कामाला होता. गळीत हंगाम सुरू झाला की तो घरी पाहुण्यासारखाच यायचा. त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला, "आबा म्हनत्यात तर हो की. तुला काय, मीटिंगीला जाऊन बसायचं."

गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. आम्ही वरच्या आळीचे. पंचायतीत नऊ सदस्य निवडून आले त्यात आमच्या बाजूचे पाच आणि त्यांच्या बाजूचे चार. आमच्या पाचांत माझे थोरले दीर होते, मी होते, आळीतला एक पैलवान होता, एक वयस्क शेतकरी होते आणि नर्सबाई होत्या. नर्सबाई म्हणजे ख्रिस्ती वाड्यातल्या. मिशनच्या दवाखान्यात त्यांची उभी हयात गेली होती, आणि निवृत्त होऊन त्या गावात राहायला आल्यावर दोन्ही आळ्यांतली बाळंतपणं त्यांच्याच हातून होत. बायांच्या दुसऱ्या जागेवर त्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्याविरुद्ध उभं राहायला कुणी धजलंच नाही. सासऱ्यांनी त्यांच्या घरी जाऊन शब्द घेतला होता. त्यांनी दिला होता.

सरपंचपदाचं भांडण नव्हतं. खालच्या आळीच्या चारांतलेच एक वृद्ध गृहस्थ होते, सगळ्यांना मान्य असलेले. पण त्यांचा मुलगा पुण्याला, आणि त्यांचा जीवही तिकडंच अडकलेला. वर्षातले आठ महिने ते गावात नसायचे. म्हणजे सही, शिक्का, पाणी, रस्ते, सगळा कारभार उपसरपंचाच्या हाती जाणार हे उघड होतं. म्हणून गावात खरी निवडणूक होती ती उपसरपंचाची. आमच्याकडून थोरले भाऊजी, त्यांच्याकडून रेशन दुकानवाला.

सासऱ्यांना त्या पदाचा ध्यास लागला होता. मागच्या खेपेला त्यांचा एक माणूस ऐनवेळी खालच्या आळीनं पळवला होता आणि ते एका मतानं पडले होते. त्यानंतर ते कितीतरी दिवस चावडीकडच्या रस्त्यानं जातच नसत. आता वय झालं म्हणून त्यांनी मुलाला पुढं केलं. थोरले भाऊजी हो किंवा नाही काहीच बोलले नाहीत. ते मुळातच कमी बोलत. बैलांशी मात्र तासन्‌तास बोलायचे, ते मी गोठ्याआडून ऐकलेलं आहे.

निवडीची बैठक चार-पाच दिवसांवर आली, तेव्हा एका सकाळी अंगणात जीप उभी राहिली. सासरे म्हणाले, "पाची पंच शिर्डीला जाऊन येऊ. बाबाच्या पाया पडू, संध्याकाळी माघारी." मुलीला सर्दी झाली होती. तिला बरोबर घ्यायला मी निघाले, तर सासूबाईंनी अडवलं. "उघडी गाडी हाय. पोरगी आनिक आजारी पडंल. येका दिवसाचा तर प्रश्न. थोरली बघंल तिच्याकडं." मी मुलीला पोटभर पाजलं, जाऊबाईंच्या कडेवर दिलं आणि जीपमध्ये चढले. माझं हे पहिलंच असं जाणं होतं, नवऱ्यावाचून, देवाला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता.

नर्सबाई पांढऱ्या लुगड्यात, हातात छोटी पिशवी घेऊन आल्या. "मी देवळात येणार नाही हं पाटील, बाहेर बसेन," त्या हसून म्हणाल्या. शिर्डी तेव्हा लहान होती. फुलांची, बत्ताशांची चार दुकानं, निंबाची सावली. आम्ही दर्शन घेतलं, धर्मशाळेच्या ओट्यावर भाजी-भाकरी खाल्ली. ऊन कलल्यावर जीप निघाली. कोल्हारला डावीकडं वळायचं होतं. जीप वळली नाही.

मला वाटलं, पुढं कुठं काम असेल. राहुरी गेली. नगर आलं. नर्सबाईंनी पुढं वाकून विचारलं, "पाटील, आपण कुठं चाललो?"

"आमच्या साडूच्या वस्तीवर, श्रीगोंद्याकडं," सासरे मागं न बघता म्हणाले. "दोन घास खाऊन येऊ."

"एवढ्या लांब, दोन घासांसाठी?"

त्यावर पैलवान मोठ्यानं हसला. नर्सबाई मागं टेकून बसल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना कळलं की मलाही काही ठाऊक नाही.

वस्ती रस्त्यापासून खूप आत होती. चारी बाजूंनी ऊस, दीड-दोन माणूस उंच, तुऱ्यावर आलेला. मधोमध तीन खोल्यांचं घर, पुढं पडवी, आणि साखळीला बांधलेली दोन कुत्री. अंधार पडायच्या आत पोचलो. मावससासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. आम्हा दोघी बायांसाठी मागची खोली झाडून ठेवलेली होती, गोधड्या घडी घालून, कोपऱ्यात पाण्याचा माठ. ती तयारी बघितली आणि मला कळलं. कुणीतरी आम्ही राहणार हे धरूनच होतं.

मी सासऱ्यांशी समोरासमोर कधी बोललेली नव्हते. मावससासूबाईंच्या तोंडून विचारलं, "घरी कवा जायचं?" उत्तर आलं, निवडीच्या दिवशी, थेट बैठकीला. तोवर कुणी वस्ती सोडायची नाही. खालच्या आळीची माणसं जीप घेऊन शोधत फिरत असतील. आणि माझ्यासाठी वेगळा निरोप होता: "नर्सबाईवर नजर ठिव. ती आपल्यातली न्हाई. फिरली तर तीच फिरंल."

म्हणजे मी कोंडलेलीही होते आणि राखणदारही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझी छाती दुखायला लागली. दूध दाटलं होतं. चोळीच्या पुढं ओले डाग पडले, ते मी पदरानं झाकत होते. दुपारपर्यंत अंगात कणकण आली. पडवीत पुरुषांचा पत्त्यांचा डाव रंगला होता, चुलीवर कोंबडी शिजत होती, आणि मी मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते. कुठंतरी वस्तीवरच्या गड्याचं मूल रडलं की माझ्या अंगातून दूध आपोआप वाहू लागे. त्या मुलाचा मला राग यायचा, आणि मग स्वतःचा.

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, गाठी व्हायला लागल्यात. बोलली का नाहीस?" त्यांनी मावससासूबाईंकडून गरम पाणी मागवलं, फडका बुडवून शेक दिला आणि दूध कसं काढायचं ते दाखवलं. तांब्या अर्धा भरला. मी रडत होते ते दुखण्यानं की त्या दुधाकडं बघून, मला सांगता येणार नाही. घरी माझी मुलगी भुकेनं ओरडत असणार, आणि इथं मी तिचं दूध उकिरड्यावर ओतणार होते.

नर्सबाई उठल्या आणि सरळ पडवीत गेल्या. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"पाटील, तुमच्या सुनेला ताप आहे. तिला तिच्या लेकराकडं पाठवा. नाहीतर ते लेकरू इथं आणा."

"बाई, दोन दिसांचा प्रश्न हाय."

"लेकराला दोन दिवस काय असतात, तुम्हाला ठाऊक आहे का?"

"घरी चार म्हशी हायत. पोरगी उपाशी मरनार न्हाई." सासरे आवाज न चढवता बोलत होते. "जीप त्या रस्त्यानं गेली की माग लागंल. तुमी आमच्या पाव्हन्या. खावा, प्या, आराम करा."

"उद्या रविवार आहे. मला उपासनेला जायचंय. तिथं पेटी मी वाजवते."

"या रविवारी देव ऐकून घील बिगर पेटीचं."

पुन्हा पैलवान हसला. नर्सबाई परत आत आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. त्या गोधडीवर बसल्या. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं नोकरी केली. रात्री-अपरात्री कुठंकुठं गेले. मला 'बसा' म्हणून कुणी असं बसवलं नव्हतं."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर पुरुष आडवे झाले. मी परसाकडला जायच्या निमित्तानं तांब्या घेतला आणि उसात शिरले. ठरवलं काहीच नव्हतं. पाय निघाले एवढंच. रस्ता कुठल्या बाजूला ते आठवत होतं असं वाटलं होतं, पण दहा-बारा सऱ्या ओलांडल्या आणि सगळ्या दिशा सारख्या झाल्या. उसाची पानं गालाला, हातांना कापत होती. वर बघावं तर तुरे आणि आभाळाची एक पट्टी. मी पळायला लागले. पाचटात पाय अडकून पडले, तांब्या कुठंतरी गेला. तिथंच बसून राहिले. वाटलं, आता हाक मारली तर पकडून नेतील आणि नाही मारली तर इथंच राहीन.

मग पाण्याचा आवाज आला. त्या आवाजाच्या रोखानं चालत गेले तर विहिरीवरचं इंजिन होतं, पाटाला पाणी चाललं होतं आणि पाटाच्या कडेला पाण्यात पाय सोडून थोरले भाऊजी बसले होते. एकटेच.

मी पटकन पदर पुढं ओढला. आमच्याकडं थोरल्या दिरासमोर भावजय उभीसुद्धा राहत नसे. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि ते माझ्याशी आजवर एक शब्द बोलले नव्हते. ते उठले, तोंड दुसरीकडं करून उभे राहिले. माझ्या हातावरचे ओरखडे त्यांनी पाहिले असावेत.

"रस्ता कुनीकडं हाय?" मी विचारलं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

"ह्या अंगाला. कोसभर." ते थांबले. "पर रस्त्याला लागून म्होरं कुटं जाशील? यष्टी सकाळीच जाती."

मी हातावरचं रक्त पदरानं पुसलं.

"पोरीची याद येती व्हय?"

तेवढ्यावर माझा बांध फुटला. ते तसेच उभे होते, पाण्याकडं बघत. थोड्या वेळानं म्हणाले, "माझ्या मागनं ये. लांबनं ये." आणि सऱ्यांमधून पुढं चालायला लागले. त्यांनी मला वस्तीच्या मागच्या बाजूला आणून सोडलं, आणि स्वतः वळसा घालून पडवीकडून आले. सासऱ्यांना त्यांनी काही सांगितलं नाही. मला त्यांचा राग आला होता. उमेदवार हे, ज्यांच्यासाठी आम्ही सगळे डांबून पडलो ते हे, आणि हे पाटात पाय सोडून बसतात. एक शब्द बापाला सांगता येत नाही.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी सासऱ्यांनी सगळ्यांना पडवीत बसवलं. आम्ही दोघी दाराआड. "उद्या साहेब नाव पुकारंल. मी खिडकीत हुबा आसन. मी टोपी काढली की पाची हात वर. काढली न्हाई तोवर कुनी हलायचं न्हाई. धाकटीला सांगा, खिडकीकडं ध्यान ठिव म्हनावं." मग तालीम झाली. सासऱ्यांनी टोपी काढली. पैलवानानं हात वर केला, शेतकरीबाबांनी केला, भाऊजींनी केला. दाराआड मीही केला. नर्सबाईंनी हात मांडीवरच ठेवला. "मी शब्द दिलाय, पाटील. मला तालीम नको."

आत आल्यावर मी विचारलं, "बाई, हात वर करूनच असतं का मत?"

"कुणी काही बोललं नाही तर हात वर करून. पण एखाद्या सदस्यानं मागितलं, तर चिठ्ठ्या घ्याव्या लागतात. गुप्त." त्या पिशवीतून जपून काही शोधत होत्या. "दवाखान्याच्या कमिटीत असताना एकदा ऐकलं होतं पंचायतीबद्दल. का?"

"असंच."

त्यांनी पिशवी मिटली. "मी मागणार नाही. मला लपवायचं काही नाही. तुझं तू बघ."

सकाळी जीप निघाली. मला वाटलं, आधी घरी नेतील, मुलीला बघता येईल. जीप गावात शिरली ती सरळ पंचायतीच्या कचेरीसमोर. दोन्ही आळ्या जमल्या होत्या. वरच्या आळीच्या पोरांनी जीपभोवती कडं केलं होतं. आणि त्या गर्दीच्या मागं, पिंपळाच्या पारावर, जाऊबाई उभ्या होत्या. त्यांच्या कडेवर माझी मुलगी. तिला सुकलेलं बघितलं आणि मी जीपमधून खाली उडी घेतली. पैलवानानं हात आडवा घातला. "आधी आत. नंतर पोरगी."

"तिला नुसतं घेऊ द्या."

"धाकटे!" सासऱ्यांचा आवाज आला. मुलीनं माझा आवाज ऐकला असावा. तिनं मान फिरवली आणि रडायला लागली, आणि मी तिच्याकडं पाठ करून कचेरीची पायरी चढले.

आत टेबलामागं तालुक्याहून आलेले साहेब होते. भिंतीला टेकून खालच्या आळीचे चार सदस्य बसले होते, आणि त्यांच्याही चेहऱ्यांवर आमच्यासारखीच झोप नव्हती. नंतर कळलं, त्यांनाही त्यांच्या लोकांनी राहात्याच्या पलीकडं कुठल्यातरी मळ्यात ठेवलं होतं. सरपंचांची निवड सहज झाली. म्हातारे हात जोडून खुर्चीत बसले. मग साहेबांनी उपसरपंचपदाची दोन नावं वाचली. "हात वर करून मतदान घेऊ. पहिलं नाव..."

खिडकीत सासरे. टोपीवर हात. बाहेर माझी मुलगी रडत होती. तिचा तो घोगरा, दमलेला आवाज सगळ्या आवाजांतून मला वेगळा ऐकू येत होता, आणि माझी चोळी पुन्हा ओली झाली होती, साहेबांसमोर, सगळ्या पुरुषांसमोर.

"साहेब," मी म्हणाले.

सगळे वळले. मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या पुरुषांत बोलत होते. "चिठ्ठीनं घ्या."

"काय?"

"मला चिठ्ठीनं मत द्यायचंय. गुप्त."

साहेबांनी चष्मा वर सारला. "सदस्यानं मागणी केली तर घ्यावं लागेल." ग्रामसेवक कागद फाडायला लागला. खिडकीत सासऱ्यांची टोपी डोक्यावरच होती. हात अजून तिच्यावर होता आणि चेहरा असा, की मी त्यांना ओळखलं नसतं.

कपाटाच्या आडोशाला जाऊन प्रत्येकानं एका नावापुढं फुली मारायची होती. माझी पाळी आली. कागदावर दोन नावं. रेशनवाला काही बरा माणूस होता असं नाही. त्याच्या दुकानातली साखर नेहमी ओली असायची आणि विचारलं तर तो बायकांवर खेकसायचा. पण त्या कपाटाआड चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मी त्याच्या नावापुढं फुली मारली. इतकी जोरात, की कागदाला भोक पडलं आणि मी घाबरले, यावरून ओळखतील का म्हणून.

साहेबांनी चिठ्ठ्या मोजल्या. आमच्या बाजूला पाच पडायच्या होत्या. पडल्या तीन.

तीन! मी मनातल्या मनात पुन्हा मोजलं. माझं एक मत वजा केलं तर चार राहायला हवी होती. म्हणजे आणखी कुणीतरी फिरलं होतं. मी नर्सबाईंकडं पाहिलं. त्या समोर बघत होत्या. खालच्या आळीनं बाहेर गुलाल उधळला.

मी गर्दीतून धावत पाराकडं गेले. मुलीला घेतलं, तिथंच पाराच्या मागं बसून पदराआड घेतलं. तिनं तोंड लावलं नाही. मान फिरवली. पुन्हा लावून पाहिलं, तिनं दोन्ही हातांनी मला ढकललं आणि जाऊबाईंकडं झेप घेतली. जाऊबाई रडायला लागल्या. "वाटी-चमच्याची सवय लागली गं तिला. मी काय करू, उपाशी ठिवू?" त्यांचा काय दोष? त्यानंतर ती कधीच माझ्या अंगावर प्यायली नाही. आठवड्याभरात माझं दूध आटलं.

घरी त्या संध्याकाळी न्यायनिवाडा झाला. पैलवान आणि शेतकरीबाबा एकमेकांवर खेकसत होते. "तू खालच्या आळीत तंबाकू खायाला जातूस, मला म्हाईत न्हाई व्हय?" दोघांनीही शपथा घेतल्या. भाऊजी खांबाला टेकून उभे. मग सासऱ्यांनी मला ओसरीवर बोलावलं. मी मुलीला घेऊन उभी राहिले.

"चिठ्ठी का मागितलीस?"

मी मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"पोरीच्या डोक्यावर हात ठिव आन सांग, मत कुनाला दिलं."

सासूबाई पुढं आल्या आणि उंबऱ्याशीच थांबल्या. मी मुलीला छातीशी धरलं. तिचा हात माझ्या मंगळसूत्रात अडकला होता. "मामंजी, पोरीला यात आणू नका," मी म्हणाले. "गुप्त हुतं ते मत. मी सांगनार न्हाई." त्यांच्याशी सरळ बोललेलं माझं ते पहिलं वाक्य.

त्यांनी मला मारलं नाही, हाकललं नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडूनही बोलेनासे झाले. मी वाढलेलं ताट घेत नसत. मी ओसरीवर गेले की उठून आत जात. नवरा आला तेव्हा त्यानं एकदाच विचारलं, "तूच का?" मी म्हटलं, "मला पोरीकडं येऊ दिलं न्हाई." तो आढ्याकडं बघत पडून राहिला. माहेरी जाऊ म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "आता गेलीस तर लोक म्हनतील तूच." म्हणजे घरात राहूनही कोंडलेली आणि घर सोडायचीही सोय नाही. ऊस निदान कापून मोकळा झाला असता.

एक गोष्ट मात्र झाली. मीटिंगीत काय बोलायचं, कुणाकडं बघायचं, हे मला सांगणारं कुणी उरलं नाही. सासरे बोलत नव्हते, तर सांगणार कसे? मी नर्सबाईंबरोबर जायला लागले. जाताना एकदा मी त्यांना विचारलं, "बाई, दुसरं मत तुमचं हुतं का?"

त्या रस्त्यात थांबल्या. "मी शब्द दिला होता. त्यांनी मला कोंडलं म्हणून माझा शब्द बदलत नाही." मग म्हणाल्या, "राग फार आला होता, ते मात्र खरं."

पुढल्या वर्षी पाऊस गेला. कालवा आटला, ऊस वाळला, माणसं खडी फोडायला जाऊ लागली. नव्या उपसरपंचानं पहिली विहीर खोल करायला घेतली ती अर्थात खालच्या आळीची. आम्ही दोघींनी मीटिंगीत विचारलं, ख्रिस्ती वाडा आणि वरची आळी कुठं जाणार? तो म्हणाला, "बायांनी ह्यात पडू नये." नर्सबाई म्हणाल्या, "पाणी कोण आणतं, तुम्ही?" त्यावर पुरुषही हसले. तीन मीटिंगी आम्ही तेच एक विचारत राहिलो, आणि शेवटी टँकर वरच्या आळीच्या तोंडाशी थांबायला लागला. सासरे त्या टँकरचं पाणी प्यायचे. माझ्याशी बोलले नाहीत.

ते गेले त्याला मग आठ-दहा वर्षं लागली. शेवटच्या आजारात मी त्यांचं अंग पुसायचे, तेव्हा ते डोळे मिटून घ्यायचे. एकदा मात्र "पानी" म्हणाले, माझ्याकडं बघून. मी दिलं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी गोठ्यात धारेला गेले होते. थोरले भाऊजी गव्हाणीत कडबा टाकत होते. आता ते आणि मी कामापुरतं बोलायचो, काळ बदलला होता. अचानक म्हणाले, "त्या येळचं दुसरं मत."

मी चरवी खाली ठेवली.

"माझं हुतं."

मला आधी कळलंच नाही. "कुनाला दिलं?"

"रेशनवाल्याला."

"आवं, पर उबं तर तुमीच हुता!"

"म्हनूनच." त्यांनी कडब्याची पेंढी सोडली, दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "मला चार मानसांत तोंड उघडाया येत न्हाई. कचेरीत बसायचं, सह्या करायच्या, भांडनं मिटवायची... मला झोप येत न्हवती. तिथं पाटावर बसून मी इचार करायचो, हिरीत उडी टाकली तर सुटंल का. मग तू चिठ्ठी मागितलीस. मला वाटलं, हिला कसं कळलं?"

"मला काय बी म्हाईत न्हवतं, भाऊजी. मला माजीच पडली हुती."

"आसंल. पर मी सुटलो."

"मग आबांना आधीच न्हाई का म्हनायचं?"

ते माझ्याकडं बघून हसले. मी त्यांना हसताना क्वचितच पाहिलं होतं. "तू तरी म्हनली हुतीस का?"

मला राग यायला हवा होता. इतकी वर्षं घरानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्यातली अर्धी नजर त्यांच्या वाट्याची होती आणि ते खांबाला टेकून गप्प उभे राहिले होते. तसं मी म्हणालेही. त्यांनी मान खाली घातली. "व्हय. त्ये बी खरंय," म्हणाले.

म्हैस पान्हा सोडून वाट बघत होती. मी पुन्हा बसले, चरवी गुडघ्यांत धरली. भाऊजी पलीकडच्या बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. बराच वेळ गोठ्यात चरवीत पडणाऱ्या धारेचाच आवाज होता.